ससा कीं केस?

अविचारी, उतावळ्या मनुष्याला उद्देशून इंग्रजींत 'हेअरब्रेन्ड' असें एक विशेषण आहे. नागरी लिपींत तें एकाच प्रकारें लिहिलें जातें, म्हणून त्यामागचा वाद आपल्या नजरेस पडत नाहीं. इंग्रजींत मात्र पहिल्या पदाचा शेवट 'ए-आर-ई' असा केला तर ससा होतो, 'ए-आय-आर' असा केला तर केस. तेव्हां त्या मनुष्याचा मेंदू सशासारखा चंचल म्हणावयाचा, कीं केसाएवढा क्षुद्र?

आजचे संपादक सशाच्या बाजूचे आहेत, आणि व्युत्पत्तीचा कौलही तिकडेच आहे. विणीच्या हंगामांत ससे उघड्या माळावर सैरावैरा धांवतात, मागील पायांवर उभे राहून झुंजतात. त्यावरूनच मार्चमधल्या सशाचें वेड इंग्रजींत म्हणीसारखें झालें, आणि १८६५ सालीं लुईस कॅरलनें त्या सशाला ॲलिसच्या गोष्टींत चहाला बसविलें.

परंतु केसाचें रूप म्हणजे आजच्या अडाण्यांची चूक, असें मानणें हाही एक उतावळेपणाच होय. दोन्ही रूपें सोळाव्या शतकापासून चालत आलीं आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहांत हॉटस्परला लाविलेलें हें विशेषण केसाच्याच वर्णांनीं छापलें आहे. त्या काळीं वर्णलेखन स्थिर नव्हतें. म्हणून लिहिणाराच्या मनांत ससा होता कीं केस, हें केवळ अक्षरांवरून ठरत नाहीं. डॉ. जॉन्सननें १७५५ च्या कोशांत दोन्ही रूपें नोंदविलीं, आणि सशाचें रूप अधिक योग्य असल्याचा अभिप्राय दिला. प्रचार नाकारावयाचा नाहीं, पण निर्णयही टाळावयाचा नाहीं, ही त्याची रीत अनुकरणीय आहे.

आमचा विद्यार्थी केसाकडे वळतो यांत नवल नाहीं. त्याचा ससा पंचतंत्रांतला. सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावणारा. असला चतुर प्राणी मूर्खपणाचें प्रतीक कसा होईल? त्यापेक्षां केसाएवढा मेंदू त्याला सहज पटतो.

म्हणून प्रमाणलेखनाचा आग्रह सोडावा असें मुळींच नाहीं. 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद बोलतांना पुष्कळदां बुजतो. तो लेखनानेंच राखला जातो. विद्यार्थ्यानें ससाच लिहावा. मात्र केस खोडणाऱ्या शिक्षकानें तांबड्या रेघेबरोबर त्या माळावरच्या सशाचीही ओळख करून द्यावी. कारण न सांगतां केलेली शुद्धि पाठ होते, पण समजत नाहीं. आणि न समजलेली शुद्धि परीक्षेपलीकडे टिकत नाहीं.