पायांखालची फळी

आपल्या समीक्षेला जत्रेचे थोडे वावडेच आहे. नाटक, कादंबरी, चित्र, गाणे, फार तर तमाशा, येथवर ती येते. पुढे पाळणे आणि चक्रे दिसू लागली की पदर सावरून मागे फिरते. वास्तविक ज्या वस्तूपुढे माणसे तासभर उन्हात उभी राहतात, दोन-तीन मिनिटांसाठी जीव मुठीत धरतात आणि खाली उतरल्याबरोबर पुन्हा रांगेच्या शेपटाशी जाऊन उभी राहतात, त्या वस्तूत विचार करण्याजोगे काहीतरी असलेच पाहिजे. म्हणून या दिवाळीत एखाद्या कवितासंग्रहाऐवजी मी एका रोलर कोस्टरचे परीक्षण करावयाचे योजिले. संपादकांनी मान डोलावली. घरच्यांनी मात्र मनसोक्त चेष्टा केली.

ही कृती रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इमॅजिका नावाच्या उद्यानात आहे. चित्रपटांच्या फिती धुणाऱ्या अ‍ॅडलॅब्ज या प्रयोगशाळेचे संस्थापक मनमोहन शेट्टी यांनी हे उद्यान २०१३ साली उघडले. २०२२ साली ते मालपाणी समूहाकडे गेले. कृतीचे नाव नायट्रो. कर्ते स्वित्झर्लंडचे, बोलिगर आणि माबियार हे दोन अभियंते, ज्यांची जोडी १९८८ पासून जगभर अशीच पोलादी वळणे घडवीत आली आहे. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची इमारत. आणि वाटेत पाच वेळा माणसाचे डोके खाली, पाय वर. ४० मीटरांवरून सोडलेला दगड जमिनीला टेकताना ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. गाडीचा कमाल वेगही त्याच घरातला आहे. याचा अर्थ असा, की साखळीने एकदा माथ्यावर नेऊन सोडल्यावर पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. गाडीत इंजिन नाही, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी बसण्याचा बेत तत्काळ रद्द केला.

परंतु नायट्रोचे खरे वैशिष्ट्य उंचीत नाही, वेगातही नाही. ते आहे एका उणिवेत. या गाडीला तळ नाही. एका ओळीत चार आसने, खांद्यांवरून छातीवर उतरणारे जोखड, आणि पायांखाली काहीही नाही. फलाटावर असताना पाय फळ्यांवर टेकलेले असतात. मग सर्वांची जोखडे बंद झाली, की त्या फळ्याच खाली सरकतात, समोरचे फाटक उघडते, आणि आपण पाय लोंबकळत असलेल्या अवस्थेत चालू लागतो. या जातीची पहिली गाडी अमेरिकेत न्यू जर्सी येथे १९९९ साली मेडुसा नावाने सुरू झाली. पुढे तिचे इतके कौतुक झाले, की उभ्याने बसावयाच्या काही जुन्या कोस्टरांनाही (मराठीचा गोंधळ माझा नव्हे, त्या यंत्राचा आहे) हे नवे डबे जोडण्यात आले. ओहायोतील १९९६ सालची मँटिस ही अशीच २०१५ साली रूगारू या नावाने, तळाविना, दुसऱ्या आवृत्तीत निघाली.

आम्ही चिंचवडहून निघालो होतो. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची १९५४ साली पिंपरीत स्थापना झाल्यापासून आमच्या या टापूत पोलाद, यंत्रे आणि पाळी यांवाचून दुसरे बोलणे क्वचितच निघते. आता त्या बोलण्याची हद्द चाकणच्याही पुढे गेली आहे. इकडच्या मुलांची पहिली भीती निगडीच्या अप्पूघरातल्या पाळण्यावर झालेली असते. माझा भाचा त्यांतलाच. आता तो चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतो. तो सोबत होता म्हणून या परीक्षणाला थोडे निराळे वळण लागले. नाहीतर मी रसचर्चा करूनच थांबलो असतो.

रसचर्चा तर करावयाचीच आहे. भरताने भयानक हा रस मानला आणि भय हा त्याचा स्थायी भाव. अभिनवगुप्ताने त्याचे उदाहरण म्हणून शाकुंतलाच्या आरंभीचे, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन धावणारे हरीण निवडले. तेथे प्रेक्षकाला जे जाणवते ते त्या हरणाचे भय नव्हे आणि स्वतःचेही नव्हे. कोणाच्याच मालकीचे नसलेले, स्थळकाळातून सुटलेले असे ते भय, आणि म्हणूनच ते आस्वाद्य. या कसोटीवर नायट्रो नापास व्हावयास हवी. येथले भय अगदी माझे, माझ्या पोटात खड्डा पाडणारे, माझ्या चपला काढून घेणारे असते. तरीही मी ते चाखतो. हे कसे?

याचे उत्तर मला फलाटावर सापडले, आणि ते त्या सरकणाऱ्या फळीत होते. साध्या कोस्टरच्या डब्यात पायांखाली तळ असतो, पण तो भार पेलत नाही. भार पेलते ते आसन, आणि माणसाला धरून ठेवते ते जोखड. तळ फक्त धीर देतो. म्हणजे तो सुरक्षिततेचा भाग नसून सुरक्षिततेचा आभास आहे. या स्विस कारागिरांनी केले काय, तर सुरक्षितता जेथल्या तेथे ठेवली आणि आभास तेवढा काढून घेतला. बुद्धी सांगते, काही बदललेले नाही. तळपाय सांगतात, सर्व संपले. या दोन साक्षींमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरात उभे राहून आपण आपल्याच भयाकडे पाहू शकतो. अभिनवगुप्ताला हे पटले असते असे मी म्हणणार नाही. परंतु ऐकून घेण्याइतका वेळ त्याने खचित दिला असता.

बाकी रचनेविषयी मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलता येईल. संवाद, विरोध आणि समतोल या तीन संबंधांवर त्यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची उभारणी केली. इमॅजिकातल्या इतर करमणुकींना गोष्टीचा टेकू आहे: कोठे मिस्टर इंडिया, कोठे भुतांचे सलीमगढ, कोठे राजासॉरस नावाचा आपल्या नर्मदेकाठचा डायनासोर. नायट्रोला गोष्ट नाही, पात्र नाही, बोध नाही. शुद्ध आकार आहे, आणि त्यामुळे मर्ढेकरी कसोटीला ती आपसूक उभी राहते. साखळीवरचा संथ चढ, जेथे आकाशावाचून काही दिसत नाही. मग माथ्यावर क्षणभर थबकल्यासारखे वाटणे आणि लगोलग कोसळणे. एका बाजूचे वळण दुसऱ्या बाजूच्या वळणाने फेडणे. अंगावर दुप्पट-तिप्पट भार टाकून पुढच्याच उंचवट्यावर तो सबंध काढून घेणे. येथला विरोध उत्तम साधला आहे. वजन असणे आणि नसणे यांची ही जुगलबंदी मी इतक्या नेटकेपणाने दुसऱ्या कोठे अनुभवलेली नाही.

उलट्या वळणांचा आकारही पाहण्यासारखा आहे. १८९५ साली कोनी आयलंडवर एकाने अगदी गोल वर्तुळ बांधले होते. त्यात शिरताना माणसांच्या मानांना असा हिसका बसे, की ते फार वर्षे टिकले नाही. पुढे १९७६ साली वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कॅलिफोर्नियातील एका कोस्टरसाठी त्या वर्तुळाला पाण्याच्या थेंबासारखे केले: खाली ऐसपैस, वर आवळलेले. वेग जास्त तेथे वळण मोठे, वेग कमी तेथे लहान. जे डोळ्यांना डौलदार दिसते, ते मानेच्या दयेपोटी आलेले आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. समतोल कच्चा आहे. शेवटी गतिरोधक लागतात आणि गाडी अशी थांबते, की पाहुण्याला ओसरीवरूनच निरोप द्यावा. उत्कर्षानंतर मन ठिकाणावर येण्यास जी उसंत लागते ती मिळत नाही. दुसरा दोष मोठा आहे. तळ नसल्याची खरी प्रचीती फक्त पहिल्या ओळीला येते. पुढे रूळ, खाली रूळ, मध्ये आपण. मागल्या ओळींना समोरच्या आसनांची पाठच बहुतांशी दिसते, आणि पाय लोंबत आहेत हे त्यांनी आठवणीने जाणून घ्यावयाचे असते. पहिल्या रांगेतल्या चौघांसाठी लिहिलेले हे नाटक आहे, बाकीच्यांनी ते ऐकीव घ्यावे. आम्ही सहाव्या ओळीत होतो.

आता भाच्याची गोष्ट. आमची जोखडे बंद झाली, आणि गाडी हलेना. पुढल्या एका बाईंचे जोखड एक खाच कमी बसले होते. नोकर मंडळींनी येऊन ते दाबले, पुन्हा उघडले, पुन्हा बसविले. लोक कुरकुरू लागले. मागून कोणी शिट्टी घातली. भाचा मात्र मान वळवून ते सारे टक लावून पाहत होता.

“मामा, एवढ्यानं अडली बघा गाडी.”

मी म्हटले, “बरेच झाले की.”

“तसं नाही. बटण दाबलं तरी सुटणार नाही ही. फळी खाली गेल्याचा सिग्नल, फाटक उघडल्याचा सिग्नल, प्रत्येक सीटचं लॉक, पुढचा ट्रॅक मोकळा. सगळं जुळलं तरच.” आणि थोडे थांबून म्हणाला, “आमच्या प्रेसलाही असतं हे. हात आत असला तर प्रेस पडायची नाही. पण सेन्सरनं स्ट्रोक कमी निघतात, म्हणून तो बांधून ठेवलाय.”

इतक्यात फळ्या सरकल्या आणि आम्ही निघालो. पहिल्या उतारावर मी ओरडलो, ते माझे मला ऐकू आले नाही. भाचा ओरडला की नाही, हे मी विचारले नाही.

खाली उतरल्यावर सावलीत बसून त्याने उरलेले सांगितले. त्याच्या शेजारच्या प्रेसवरच्या मुलाची गेल्या पावसाळ्यात दोन बोटे गेली. कारखान्याच्या दारावर सुरक्षेचा फलक आहे, दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सगळे रांगेत उभे राहून शपथ घेतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राला संरक्षक कठडा असावा असे स्पष्ट कलम होते. ही एकट्या त्या कारखान्याची कथा नव्हे. सेफ इन इंडिया या संस्थेचे २०१९ पासून निघणारे अहवाल मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांतली अशीच तुटलेली बोटे मोजतात, आणि पॉवर प्रेस हे त्यांतले एक ठळक कारण आहे.

मी टीकाकाराच्या सवयीने तुलना करू लागलो. नायट्रोने आभास काढला आणि कुलूप ठेवले. तेथे फलक आणि शपथ, म्हणजे पायांखालची फळी, शाबूत आहे; काढले ते कुलूप. म्हणून एके ठिकाणी माणूस सुखरूप असून किंचाळतो, आणि दुसरीकडे दर स्ट्रोकला बोटे पणाला लावून निवांत गाणी ऐकतो. “भीती वाटत नाही का रे?” असे मी विचारले, तर तो म्हणाला, “पहिले आठ दिवस वाटते, मामा.” भय विझले म्हणजे धोका गेला असे नव्हे, एवढे तरी त्या चाळीस मीटरांवरून मला नीट दिसले. येताना बोरघाटात आम्ही पाचशे मीटरांहून अधिक उतरलो होतो, शेजारून मालमोटारी घरंगळत होत्या, चालक एका हाताने फोनवर बोलत होता. गाडीत सर्वजण चिवडा खात होते.

मग हे यंत्र कला आहे की नाही? मला विचाराल तर, उत्तम कारागिरीची आणि निम्म्या कलेची वस्तू आहे. पूर्ण कलाकृती होण्यासाठी तिने सहाव्या ओळीचाही विचार करावयास हवा होता. परंतु माणसाचा जीव ज्या खाचेवर अवलंबून आहे, त्या खाचेपुढे तिने खोळंबलेल्या रांगेचे एक मिनिटही मोलाचे मानले नाही. हे आम्हां तिघांपैकी ज्याला सर्वांत आधी कळले, त्याने रसशास्त्राचे एकही पान वाचलेले नाही.

परतताना सौभाग्यवतींनी फराळाचा उरलेला डबा उघडला. भाच्याची सोमवारी पहिली पाळी होती. लोणावळ्याजवळ तो म्हणाला, “मामा, पुन्हा जाऊ तेव्हा पहिल्या ओळीसाठी वेगळी रांग असते, तीत उभे राहू. अर्धा तास जास्त लागेल.” मी म्हटले, लागू दे.