वाट वळवणारा किल्ला

देवगिरीला घाईने वर चढू नका. हा किल्ला दरवाजापाशीच वाचायला घ्यावा.

उत्तरेतून अजिंठ्याचा डोंगर उतरून दक्षिणेत शिरायचं, तर हा सुळका वाटेत येतो. पैठणहून वर निघालेल्यालाही तो चुकत नाही. म्हणून ११८७ च्या सुमारास भिल्लम यादवाने इथे राजधानी वसवली, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इथेच चालून आला आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून गावाचं नाव दौलताबाद केलं.

महाकोट नावाच्या तटाच्या दरवाजातून आत या. समोर दुसरा दरवाजा नाही, भिंत आहे! वाट काटकोनात वळते, पुन्हा वळते. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेले आहेत. ते सगळेच पाहतात; त्यांच्यापुढची मोकळी जागा मात्र कुणी पाहत नाही. ती इतकी आखूड ठेवलीय की धडक मारायला हत्तीला धावच घेता येऊ नये. खिळ्यांपेक्षा मला हे आखूडपण जास्त आवडतं.

भारतमाता मंदिरात खांबांजवळ थांबा. खांब जुन्या देवळांचे, मांडणी खिलजींच्या काळातल्या मशिदीची आणि हैदराबाद मुक्तीनंतर मूर्ती भारतमातेची. समोर बहमनींचा चांद मिनार. त्याच्या उंचीचं कौतुक नंतर करा, आधी सज्जे तोलणारे तोडे पाहा. एवढा भार, पण दिसायला किती हलका!

मग खंदक. डोंगराचा पायथाच सरळ तासून काढलाय, पालीलाही पाय रोवायला जागा नाही. पलीकडे अंधारी. कातळातल्या या भुयारात हात भिंतीवर ठेवून चाला. छिन्नीचे घाव बोटांना लागतात, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, पायाला ठेका म्हणून सापडत नाही. मध्येच उजेडाची फट दिसते आणि मन तिकडे धावतं. वाटाडे सांगतात, शत्रूही असाच उजेडाकडे धावायचा आणि थेट खंदकात जायचा. थकल्या माणसाला उजेडाची ओढ असते, हे भुयार खोदणाऱ्या पाथरवटाने नेमकं हेरलं होतं.

खंदकाच्या अलीकडच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. लोक तिच्या तोंडापाशी उभं राहून फोटो काढतात. तुम्ही मागे जा. ओतीव धातूतलं मेंढ्याचं डोकं तिथे आहे, शिंगं वळून अलगद कानाशी आलेली.