एकापेक्षा कमी, म्हणून सुरक्षित?

गेल्या महिन्यात एका ज्युनियरने प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला पाठवलं. विषय खाडीच्या गाळातले धातू. शेवटचं वाक्य असं होतं: एसईएम आणि एव्हीएस यांचं गुणोत्तर १ पेक्षा कमी आहे, सबब गाळ जलचरांसाठी सुरक्षित आहे. दोन वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हेच वाक्य लिहिलं होतं, त्यामुळे हसायची सोय नव्हती.

आधी शब्द. गाळावर थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की जेवढं सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतं ते एव्हीएस. त्याच आम्लात सुटणारे कॅडमियम, तांबं, निकेल, शिसं, जस्त हे एसईएम. दोन्ही मोलमध्ये मोजायचे. ही कल्पना रुजवली डी टोरो आणि सहकाऱ्यांनी, १९९० साली ‘एन्व्हायर्नमेंटल टॉक्सिकॉलॉजी अँड केमिस्ट्री’ या नियतकालिकात. कॅडमियम आयर्न सल्फाइडमधल्या लोहाला हटवून स्वतः सल्फाइडला चिकटतं. ते संयुग पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून सल्फाइड पुरेसं असेल तर गाळातले अँफिपॉड मरत नाहीत. गाळात एकूण धातू किती, यावरून विषारीपणा ठरत नाही हे त्यांनी नीट दाखवलं. पेपर उत्तम आहे, मुळातून वाचा. माझी तक्रार पेपरबद्दल नाही, त्याच्या नावावर आपण जे खपवतो त्याबद्दल आहे.

त्यांचा प्रश्न नेमका होता: कॅडमियममुळे थोड्या दिवसांत प्राणी मरतात का? आपण उत्तर लिहितो ‘सुरक्षित’. आता २००० सालचा ली आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला पेपर बघा. त्यात सल्फाइड भरपूर असूनही शिंपल्यांच्या आणि कृमींच्या अंगात धातू साठले, कारण ते गाळाचे कणच खातात. कणांमधल्या पाण्यात धातू नाही म्हणून पोटात जाणार नाही, असं होत नाही. आमच्याकडे ओहोटीला बायका चिखलातून मुळे काढून बाजारात आणतात. मुळे पाणी गाळून खातात हे खरं, पण त्या पाण्यात भरतीने ढवळलेला हाच चिखल असतो.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. या गुणोत्तरात सल्फाइड कायम सज्जन असतं: जास्त असेल तितकं बरं. पण हायड्रोजन सल्फाइड स्वतः विष आहे. सायनाइडसारखंच ते पेशीतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज अडवतं. अमेरिकेच्या ईपीएने जलचरांसाठी घातलेली मर्यादा लिटरला फक्त २ मायक्रोग्रॅम आहे, तीही अविघटित रूपाची. पीएच उतरला की या रूपाचा वाटा वाढतो. गोड्या पाण्यात पीएच ७ ला तो साधारण निम्मा असतो. वँग आणि चॅपमन यांनी १९९९ मध्येच यावर आढावा लिहिलाय. आपल्याकडच्या यादीत तो क्वचित दिसतो.

आता हिशेब करून बघा. खाडीत सांडपाणी वाढलं. सेंद्रिय पदार्थ वाढले, ऑक्सिजन संपला, जिवाणूंनी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून सल्फाइड केलं. एव्हीएस वाढलं, गुणोत्तर उतरलं. म्हणजे खाडी जितकी कुजेल तितकी कागदावर सुरक्षित!

उलट टोकही गाठू नका. एव्हीएस जास्त म्हणजे विरघळलेलं सल्फाइड जास्त, असंही नाही. मी लांज्याची. आमच्या तालुक्यातून जाणारी काजळी भाट्याला समुद्राला मिळते, मुचकुंदी पूर्णगडला. दोन्ही जांभ्याच्या मुलखातून येतात, आणि जांभ्यात लोह भरपूर. लोह सल्फाइडला बांधून ठेवतं, तेव्हा चिखल काळा दिसतो. बांधायला लोह उरलं नाही की मोकळं सल्फाइड साचतं. हा फरक एव्हीएसच्या आकड्यात दिसत नाही. तो कणांमधल्या पाण्यात, म्हणजे पोअर वॉटरमध्ये, सल्फाइड आणि पीएच मोजूनच कळतो. आणि हे आपल्या किनाऱ्यावर पुस्तकी नाही. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात १९९९ च्या पावसाळ्यानंतर तळाच्या पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड सापडलं होतं. एनआयओच्या नक्वी आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधला पेपर २००० सालचा आहे.

नमुन्यांचंही सांगते, कारण इथे मी स्वतः माती खाल्लीये. पहिल्या फेरीत काळा चिखल उघड्या ट्रेमध्ये कालवला आणि चहाला गेले. परत येईस्तोवर वरचा थर तपकिरी. सल्फाइडचं ऑक्सिडेशन माझ्या डोळ्यांदेखत चालू होतं, आणि ती सगळी बॅच टाकावी लागली. नळी काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, शक्य तर नायट्रोजनखाली उघडा. शिवाय एप्रिलचा एक नमुना वर्षभराचा साक्षीदार होत नाही. जूनचा पूर गाळ उचलतो, त्याला ऑक्सिजन लागतो आणि सल्फाइडने धरलेला धातू सुटू शकतो.

ज्युनियरला मी पर्यायी वाक्य पाठवलं: ‘नमुने घेतले त्या वेळी, मोजलेल्या धातूंमुळे पोअर वॉटरमार्गे तीव्र विषबाधा अपेक्षित नाही, आहारमार्गे होणारा साठा आणि सल्फाइडचा विषारीपणा तपासलेला नाही.’ त्याचं म्हणणं, मग गाइड विचारतील की केलंस काय? दोन दिवसांनी सुधारलेला मसुदा आला. ‘सुरक्षित’ गेलंय. तक्त्यात पोअर वॉटरचा नवा रकाना आलाय, तो अजून रिकामा आहे. मे संपायच्या आत भाट्याला एक फेरी मारायची ठरलीये, एकदा पाऊस लागला की तो चिखल हाच राहणार नाही.