‘कुंकू’ : एका बोलपटाचा संयम

बोलपटाच्या जन्माची हकीकत बहुधा विजयवार्तेसारखी सांगितली जाते. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे वॉर्नर बंधूंचा ‘जाझ सिंगर’ पडद्यावर आला, अल् जोल्सन गायला, चार शब्द बोलला, आणि मूकपटाचे राज्य खालसा झाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडेही तीच क्रांती घडली. ही हकीकत खरी आहे; मात्र ती यंत्राची हकीकत आहे. यंत्राला वाचा फुटली म्हणून कलेला आपोआप शहाणपण येत नाही. बोलू लागलेल्या चित्रपटाने काय ऐकवावे आणि कोणत्या जागी गप्प राहावे, हा प्रश्न त्यानंतर सुटावयाचा होता. मराठी बोलपटाने तो सर्वांत धीटपणे सोडविला तो १९३७ साली, प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची कारणे येथे द्यावयाची आहेत.

हॉलिवुडची आरंभीची वर्षे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो एका बंद कोठडीत कोंडण्यात आला, आणि मूकपटात मोकळेपणी वावरणारे नट दडविलेल्या ध्वनिग्राहकाभोवती घोळका करून उभे राहू लागले. या कोंडीतून वाट काढणारे दिग्दर्शकही लौकरच निघाले. रूबेन मामूलियन याने ‘अप्लॉज’मध्ये (१९२९) आईचे अंगाईगीत आणि मुलीची पुटपुटलेली प्रार्थना दोन ध्वनिग्राहकांवर घेऊन एकाच वेळी ऐकविली. लुइस माइलस्टोन याच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये (१९३०) फुलपाखराकडे सरसावणारा हात दिसतो, बंदुकीचा एक बार ऐकू येतो, आणि युद्धावरील शंभर व्याख्याने फिकी पडतात. त्या दोन-तीन वर्षांतील अनेक चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नसे. त्याचे एक कारण यांत्रिक होते : संवाद आणि वाद्यमेळ यांचे मिश्रण करण्याची साधने अपुरी होती. दुसरे कारण मोठे मौजेचे आहे. बंद खोलीत दोन माणसे बोलत असता हा वाद्यवृंद आला कोठून, असे प्रेक्षक विचारतील, अशी निर्मात्यांना धास्ती वाटे. पुढे साधने सुधारली, आणि १९३३ साली ‘किंग काँग’ला मॅक्स स्टायनर याने भरघोस संगीत दिल्यावर ती धास्तीही उरली नाही. तेव्हापासून हॉलिवुडच्या नायिकेने डोळ्यांस पदर लावण्यापूर्वीच व्हायोलिने रडू लागली.

आपल्याकडे ही धास्ती कधी नव्हतीच. अंबाजोगाईसारख्या मुकुंदराज-दासोपंतांच्या गावी कीर्तनास बसलेल्या श्रोत्याच्या समोर मृदंग आणि झांजा धडधडीत वाजत असतात. त्या कोठून आल्या हे त्यास विचारावे लागत नाही. संगीत नाटकाच्या प्रेक्षकानेही रंगमंचासमोरील ऑर्गन व तबला डोळ्यांनी पाहून मनाने वगळण्याची सवय स्वतःस लावून घेतली होती. राजा हरिश्चंद्र डोंबाघरी राबताना गाऊ लागला तर त्या प्रेक्षकास वावगे वाटण्याचे कारण नव्हते. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट. त्यातील हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे यांनी रंगविला आणि संगीतही त्यांनीच दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मराठी बोलपट अशा रीतीने रंगभूमीच्या मांडीवर वाढला. त्या मांडीची ऊब त्याला लाभली, तसेच तिचे लाडही. म्हणून हॉलिवुडने जो संयम प्रथम नाइलाजाने पाळला आणि सोय होताच सोडून दिला, तोच संयम मराठी दिग्दर्शकाने चार वर्षांनंतर आपण होऊन पत्करावा, याला विशेष महत्त्व आहे.

‘कुंकू’चे कथानक ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतले आहे. पोरक्या नीरेचे लग्न तिचे आप्त पैशाच्या लोभाने काकासाहेब नामक वृद्ध विधुर वकिलाशी लावून देतात. त्यांची मुले वयाने नीरेच्या बरोबरीची किंवा तीहून मोठी आहेत. नीरा लग्न झालेले नाकारीत नाही. काकासाहेबांना नवरा मानण्याचे मात्र साफ नाकारते. विषय नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ सालीच जरठविवाहावर घाव घातला होता. पण तेथे ऐन वेळी लग्न मोडते आणि प्रेक्षक सुस्कारा टाकून घरी जातो. ‘कुंकू’चा खरा संघर्ष ते लग्न पार पडल्यावर सुरू होतो. ‘शारदा’ मंडपात घडते आणि ‘कुंकू’ घरात. मंडपात वाजंत्री असते. घरात असतात ते दाराचे, पावलांचे आणि घड्याळाचे आवाज.

शांताराम यांनी हे आवाज हेच आपल्या चित्रपटाचे संगीत मानले. पडद्यावरील जगात ज्याचा उगम दाखविता येत नाही असा सूर ऐकवावयाचा नाही, हा नियम त्यांनी आणि संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांनी घालून घेतला. नीरा गाते तेव्हा साथीला घरातील ग्रामोफोन असतो. रस्त्यावरून भिकारी गात जातो तो खरोखरीचा भिकारी असतो, आणि त्याचे गाणे घरातील माणसांच्या कानी पडते म्हणूनच आपल्याही कानी पडते. या नियमाचे श्रेय नवलाईस देऊन भागणार नाही. त्याचा परिणाम थेट आशयावर झाला आहे. पार्श्वसंगीत हे प्रेक्षकाचे मुखत्यारपत्र घेतलेल्या वकिलासारखे असते : कोणाची कीव करावी आणि कोणाचा राग धरावा, हे ते आपल्या वतीने आधीच ठरवून टाकते. ‘कुंकू’मध्ये तो वकील उभाच राहत नाही. नीरेला एकटीने आपली बाजू मांडावी लागते. शांता आपटे यांची धारदार नजर आणि ठाशीव शब्द यांस कोणत्याही सुरावटीचा टेकू नाही. म्हणून तिचे एकटेपण आपण पाहतोच, पण ते आपल्याला ऐकूही येते.

याहून मोठा लाभ काकासाहेबांचा झाला आहे. संगीताने या म्हाताऱ्याला सहज खलपुरुष किंवा विदूषक करून टाकले असते. ते होत नाही, आणि केशवराव दाते यांना माणूस रंगविण्यास मोकळीक मिळते. मिशांस कलप लावून तारुण्य उसने आणू पाहणारा हा गृहस्थ आधी हास्यास्पद वाटतो, मग चीड आणणारा, आणि अखेरीस करुण. या तीन पायऱ्या आपण कोणाच्या इशाऱ्यावाचून चढतो. त्याची कन्या सुशीला ही समाजसेविका. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली, ज्यांनी पुढे संततिनियमनाच्या कार्यास आपले आयुष्य दिले. बापाविरुद्ध सावत्र आईची बाजू घेणारी ही मुलगी आणि त्याच सावत्र आईकडे वाईट नजरेने पाहणारा मुलगा अशा दोहोंच्या मध्ये काकासाहेबांना आपले खरे रूप दिसू लागते.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रतीके प्रेक्षकाच्या हाती लागेपर्यंत शांताराम थांबत नाहीत. ती ते त्याच्या हातात कोंबतात. जुने घड्याळ म्हणजे काकासाहेबांचे सरत आलेले आयुष्य, हे एकदा कळले की पुरे. पण आपण विसरू अशी धास्ती दिग्दर्शकास वाटते. ध्वनीच्या बाबतीत पाळलेला संयम त्याने दृश्यांच्या बाबतीत नेहमीच पाळलेला नाही.

नीरेच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता घातली आहे, तीही कित्येकांना खटकते. मला मात्र ती या चित्रपटातील मर्मभेदक जागा वाटते. जगाच्या रणांगणावर वीरासारखे लढावे, असा त्या कवितेचा उपदेश. इंग्रजी विद्येने नीरेच्या पिढीला लढण्याची भाषा दिली होती. लढून जिंकण्याचा मार्ग कायद्याच्या पुस्तकात कोठेच नव्हता.

येथेच चित्रपटाच्या शेवटाचा वादग्रस्त प्रश्न येतो. काकासाहेब पत्र मागे ठेवून आत्महत्या करतात आणि नीरेने पुनर्विवाह करावा असे सुचवितात. हा शेवट सोयिस्कर आहे, लेखकाने गाठ न सोडविता कापली, असा आक्षेप घेतला जातो. पण ती गाठ सुटणार तरी कशी होती? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय १४ ठरविले. वधूवरांच्या वयांतील अंतराबद्दल तो कायदा मूक होता. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाचा हक्क दिला होता. परंतु ज्या ज्ञातींत काडीमोडाची रूढी होती त्या वगळल्यास, मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला जिवंत नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग १९४७ साली घटस्फोटाचा कायदा होईपर्यंत नव्हता. सर्व देशासाठी तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाला. अर्थात १९३७ साली नीरेच्या स्वातंत्र्याचा दरवाजा वैधव्यातून जात होता. काकासाहेबांना पश्चात्ताप झाला तरी तो पुरेसा नव्हता. नीरा मोकळी व्हावयाची तर त्यांनी मरणेच भाग होते. हा वकील अखेर कायदा अचूक वाचतो आणि स्वतःच्या जीवावर त्याची अंमलबजावणी करतो. ज्याला आपण कथेचा दुबळेपणा म्हणतो तो त्या काळच्या कायद्याचा क्रूरपणा आहे, आणि चित्रपटाने तो लपविलेला नाही.

आज घरोघरी संध्याकाळच्या मालिकांत प्रत्येक भुवईच्या हालचालीबरोबर ढोल वाजतो. अशा कानांना ‘कुंकू’ प्रथम सुनासुना वाटतो. महाविद्यालयातील विद्यार्थी तो पाहताना पहिली दहा मिनिटे चुळबुळ करतात, मग ऐकू लागतात. ज्या घरांतून मुलींच्या लग्नाच्या गोष्टी अजून वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरतात, त्या घरांनी तर हा बोलपट मुलींना शेजारी बसवून पाहावा. संगीताने सुचविलेल्या अश्रूंची सवय लागलेल्या आपल्याला तो एक कठीण गोष्ट करावयास लावतो : त्या घरातील कोणाची चूक किती, हे आपले आपण ठरवावयास.