नाद कुठे तोडायचा

व्हायब्राफोनवर घाव पडला की स्वर उमटतो आणि त्या क्षणापासून विरायला लागतो. तो फुलवता येत नाही, मींड तर जवळजवळ नाहीच. हार्मोनियमवर आपल्याकडे जे आक्षेप घेतले गेले त्यातले बरेचसे इथेही लागू होतात, शिवाय याला भातासुद्धा नाही. असं अपुरं वाद्य जॅझमध्ये टिकलं कसं?

अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. १९२०च्या दशकात अमेरिकेत हे वाद्य घडलं ते करमणुकीच्या रंगमंचावरची नवलाई म्हणून. लायनेल हॅम्प्टनने १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिकेत ते वाजवलं, पुढे बेनी गुडमनच्या चौकडीत गाजवलं. हॅम्प्टन मूळचा ड्रमर, त्याची सगळी मजा लयीत. मिल्ट जॅक्सनने मोटर संथ केली. चर्चमधल्या गाण्यावर वाढलेल्या या माणसाने स्वराला गळ्यासारखा कंप दिला, आणि मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या काटेकोर बांधणीत ब्लूजची ऊब राहिली ती मुख्यतः त्याच्यामुळे.

गॅरी बर्टनने मोटर बंदच ठेवली. दोन्ही हातांत दोन-दोन मॅलेट धरून तो एकट्याने धून आणि साथ दोन्ही सांभाळायचा. पण त्याची खरी करामत स्वर दाबण्यात होती. पेडल दाबलं की सगळ्या पट्ट्या एकदम घुमतात, सोडलं की सगळ्या एकदम गप्प. त्यातली एकच पट्टी थांबवायची तर एका मॅलेटने पुढचा स्वर वाजवताना दुसऱ्याचं मऊ डोकं आधीच्या पट्टीवर अलगद टेकवावं लागतं. हे जमलं नाही तर सगळा चिखल. चिक कोरियाबरोबरच्या ‘क्रिस्टल सायलेन्स’मध्ये पियानो आणि व्हायब्राफोन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, याचं श्रेय मी या दाबण्याला देतो. २०१३च्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही बर्टनने ऐकायला शिकण्याचीच गोष्ट केली आहे, वाजवायला नव्हे.

त्याच्यामागून आलेल्या पुष्कळांनी मात्र चार मॅलेट उचलले आणि हे ऐकणं विसरले. जागा दिसली की भरायची! परिणामी व्हायब्राफोन हा दुय्यम पियानो होतो. बॉबी हचरसनने १९६४ मध्ये एरिक डॉल्फीच्या ‘आउट टु लंच’मध्ये याच्या नेमकं उलट केलं होतं. त्या संचात पियानो नव्हता, तरी त्याने पियानोची जागा भरून काढली नाही. दोन-तीन टोकदार स्वर ठेवायचे आणि बाजूला व्हायचं.

आजच्या पिढीतला जोएल रॉस बहुतांशी दोनच मॅलेटनी वाजवतो, हे मला आशादायक वाटतं. २०१९च्या ‘किंगमेकर’मध्ये त्याच्या फिरती सॅक्सोफोनच्या ओळींशी गुंफलेल्या आहेत, पियानोची नक्कल कुठे नाही. तक्रार एवढीच की वेगाच्या भरात तो एकाच स्वरावर रेंगाळायला फारसा तयार नसतो. जॅक्सन संथ ब्लूजमध्ये तेवढ्यावर अख्खं आवर्तन काढायचा.