बहिणाबाईंचे दुखणे

बहिणाबाई म्हटले की बहुतेकांना खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्यांच्या आधी अडीचशे वर्षे आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दुसरी एक बहिणाबाई होऊन गेली. १६२८ साली वेरूळच्या पश्चिमेस देवगावी ती जन्मली आणि १७०० साली वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिने देह ठेवला. तुकोबांची शिष्या म्हणून तिची ओळख. संतांवर लिहायचे ते त्यांच्या भक्तीविषयी, असा आपला रिवाज आहे. मला मात्र तिच्या दुखण्याविषयी लिहायचे आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. पण ज्या घरात चकल्या झाल्या आहेत त्या घरातली सोऱ्या दाबणारी बाई रात्री पाठ धरून बसलेली असते, आणि तिचे तोंड का उतरले आहे हे सणासुदीला कोणी विचारीत नाही.

बहिणाबाईंच्या गाथेत ‘आत्मनिवेदन’ म्हणून जो भाग आहे त्यात तिने आपली हकीकत अभंगांतून सांगितली आहे. मराठीत एखाद्या स्त्रीने आपले आयुष्य इतक्या तपशिलाने सांगावे, असे तिच्या आधी मला तरी आढळत नाही. तिसऱ्या वर्षी लग्न. नवरा तिशीचा, बिजवर, वैदिक ब्राह्मण. घरच्या कटकटींमुळे आईबाप, नवरा आणि ही पोर गाव सोडून निघतात आणि फिरत फिरत कोल्हापुरास येतात. तिथे दक्षिणेत मिळालेल्या गाईचे वासरू या अकरा वर्षांच्या मुलीला लळा लावते. ती कीर्तनाला जाते, तर तेही मागे जाते. जयरामस्वामींच्या कीर्तनात या मुलीचे नाव होते, लोक बोलू लागतात, कोणीतरी नवऱ्याचे कान भरते, आणि तो तिला बांधून मारतो. पुढे वासरू मरते आणि ती निपचित पडते.

इथपर्यंतचा भाग आमचे कीर्तनकार फार घाईने उरकतात. त्यांना स्वप्नातल्या तुकोबांपर्यंत पोहोचायचे असते. मार, मूर्च्छा, उदासी ही जणू देवळाबाहेर काढून ठेवायची पायताणे. अभ्यासकांचेही फारसे निराळे नाही. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या मिशनऱ्याने या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि पुढे अ‍ॅन फेल्डहाउस या विदुषीने पत्नी आणि संत या दोन भूमिकांतला तिचा झगडा नेमका पकडला. तो झगडा खराच. पण तो ज्या अंगावर झाला त्या अंगाचे काय, हा प्रश्न उरतोच.

माझे म्हणणे असे की या अभंगांतले सर्वांत खरे बोल देह आणि मन एकाच वेळी खचल्याचे आहेत. बहिणा दोन्हींची फारकत करीत नाही. अंगाला मार, वासराचा वियोग, जनलोकांचे बोलणे आणि जगण्याचा वीट हे सगळे ती एकाच दमात सांगते. आपण मात्र तिच्यानंतर तीनशे वर्षांनी अंगाचा डॉक्टर वेगळा केला, मनाचा वेगळा केला, आणि दोघांच्या मध्ये रोग्याला हेलपाटे घालायला ठेवून दिले.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी पाठ नऊ वर्षे दुखते आहे. फळ्यापुढे अर्धा तास उभे राहिले की कंबरेपासून टाचेपर्यंत कळ जाते. चोळणारा झाला, शेकणे झाले, कोणी आणलेला अंगारा झाला, ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून पट्टा झाला, आणि शेवटी मोठ्या यंत्रात घालून काढलेले फोटोही झाले. एका तज्ज्ञाने ते उजेडाकडे धरून पाहिले आणि ‘तसे काही नाही, मनाला लावून घेऊ नका’ असे म्हणून परत दिले. त्यानंतरचे वर्ष फार वाईट गेले. दुखते आहे हे खोटे ठरले आणि उदास आहे हा दोष ठरला. वह्या तपासायला घ्याव्यात तर पान उलटवत नसे. कादंबरीचे एक प्रकरण त्या वर्षी लिहून झाले नाही. घरची माणसे चांगली, पण ‘नामस्मरण कर, बरे वाटेल’ यापलीकडे त्यांना काही सुचेना. मला तेव्हा बहिणाबाई वाचताना वाटे, ही बाई तर अहोरात्र नामस्मरण करते आहे, तरी ती रडते आहे!

आज वैद्यकशास्त्र बहिणेच्या बाजूला आले आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे जुनाट समजतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, काही जुनाट वेदनांना स्वतंत्र रोग म्हणूनच जागा दिली आहे. हाड मोडलेले दिसले नाही तरी वेदना खरी असते. मेंदूत वेदनेचे आणि उदासीचे मार्ग पुष्कळसे एकमेकांत मिसळलेले आहेत. दुखणे झोप खाते, झोप गेली की मन खचते, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणे दुप्पट लागते. म्हणूनच अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखे उदासीवरचे जुने औषध थोड्या मात्रेत वेदनेवरही देतात. मला ते एका डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले तेव्हा घरात कुजबुज झाली, की हे वेडाचे औषध. घाटीत मनोविकारांचा विभाग आहे हे शहरात सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या बाकावर ओळखीचे माणूस भेटू नये म्हणून पदर ओढून बसणाऱ्याही पुष्कळ आहेत. औषधाने, रोजच्या बेताच्या व्यायामाने आणि दर महिन्याच्या बोलण्याने माझे दुखणे निम्मे उतरले. निम्मे आहे. त्याच्यावर आणखी काय करता येईल याचा शोध चालू आहे.

असो. गाथेकडे वळू. आत्मनिवेदनात आणखी एक दुखणे आहे, आणि तुलना करायची तर याच्याशीच करावी. शूद्र तुकोबाला बायको गुरू मानते याचा संताप येऊन नवरा तिला टाकून जायला निघतो. ती त्या वेळी गरोदर. नेमका तेव्हाच तो आजारी पडतो, अंगाची आग होते, औषधाला गुण येत नाही. जिला टाकायचे तीच उशाशी बसून सेवा करते. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो, एक वृद्ध ब्राह्मण येऊन दोन शब्द सांगतो आणि तो बरा होतो. ही गोष्ट सुबक आहे, आणि म्हणूनच वाङ्मय म्हणून मला कमी प्रतीची वाटते. कारण, रोग, उतारा, सगळे जिथल्या तिथे बसते. बहिणेच्या स्वतःच्या दुःखाला असा उतारा कुठेच मिळत नाही. देहूला गेल्यावरही मंबाजी गोसावी आहेच. तो तिची गाय कोंडून मारतो आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठतात, असे ती सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी इथे एक गोष्ट उरते. मुक्या जनावराला बसलेला मार दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीला लागतो, असे म्हणावेसे वाटले ते जिने मार खाल्ला होता तिला. एवढ्या एका प्रसंगासाठी मी तिला मोठी कवयित्री म्हणेन.

एका बाबतीत मात्र मला तिच्याशी भांडायचे आहे. अंतकाळी ती मुलाला, विठोबाला, आपल्या मागच्या बारा जन्मांची कहाणी सांगते. भोगले ते पूर्वकर्माचे, हा त्यातला आधार. सतराव्या शतकात तिच्याजवळ तेवढाच आधार होता आणि त्याने तिला तारले, हे मान्य. पण तिचा तो आधार आज आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. ‘भोग आहेत, भोगून संपवावे’ हे वाक्य मी आजारी बायकांच्या तोंडून क्वचित आणि त्यांना दवाखान्यात न नेणाऱ्यांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे. बहिणेने ते स्वतःपुरते म्हटले होते. शिवाय तिने ते बहात्तराव्या वर्षी म्हटले. अकराव्या वर्षी, वासरू गेले तेव्हा, ती असे काही म्हणत नव्हती. तेव्हा ती फक्त आपल्याला काय होते आहे ते सांगत होती.

ज्यांच्याजवळ गाथा असेल त्यांनी सुटीत ती अवश्य काढावी. आरंभीची गुरुपरंपरा मागाहून वाचली तरी चालेल. कोल्हापूरच्या मुक्कामापासून धरावे.