केप्याचा प्रासाद आणि त्याची बाग

घोडनदीकाठच्या शिरूरमध्ये वा भीमेकाठच्या दौंडमध्ये वाढलेल्या माणसाची ‘वाडा’ या शब्दाची कल्पना ठरून गेलेली असते. रस्त्याकडे दगडी भिंत, भक्कम दिंडी दरवाजा आणि सारा उजेड आतल्या चौकात. आपला वाडा जगाकडे पाठ करून बसतो. हीच नजर घेऊन मी दक्षिण गोव्यातील केपे गावी ‘पालासियो दो देआंव’, म्हणजे डीनचा प्रासाद, पाहावयास गेलो.

जोझे पावलो द आल्मैदा या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तो १७८७ साली बांधला. केपे गावही त्यांनीच वसविले. अशा वास्तूंना सरसकट ‘बरोक’ म्हणण्याची प्रथा आहे. तो शब्द ऐकून जाणारा वाचक पिळाचे खांब आणि सोन्याचा मुलामा शोधू लागेल, तर त्याच्या पदरी निराशाच येईल. येथे आहेत उतरती कौले, शिंपल्यांची तावदाने आणि कोकणी सुताराचा हात.

माझ्या मते येथील बरोक मांडणीत आहे. समोर डीननीच उभारलेले चर्च, मागे कुशावती नदी आणि घराला वेढून असलेली बाग. १६५६ नंतर बर्निनीने रोममध्ये संत पेत्राच्या चौकाभोवती स्तंभांचे दोन बाहू पसरले, ते येणाऱ्याला कवेत घेण्यासाठी. तोच विचार येथे एका खेड्याच्या मापाने उतरला आहे. बाग वगळली तर हे घर निव्वळ एक प्रशस्त बंगला उरेल.

अलीकडे एका दांपत्याने ही मोडकळीस आलेली वास्तू फार कष्टाने सावरली. त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. तरीही एक प्रश्न सोडवत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याला एक शतक निवडावे लागते, आणि येथे डीनचे शतक निवडले गेले. मधल्या काळात मात्र हे घर निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान होते. पलंग, आरसे, बैठका पुन्हा मांडता येतात. त्या स्त्रियांनी मागे ठेवण्यासारखे काय असणार? बाहू पसरलेल्या या वास्तूचा हेतू डीनच्या मेजवान्यांत अधिक पूर्ण झाला, की त्यांच्या निवाऱ्यात?

नदीकडच्या सज्जात मी बराच वेळ बसलो होतो. खाली पाणी संथ वाहत होते. या कठड्यावर कधीकाळी लुगडी वाळत पडली असतील, एवढेच राहून राहून मनात येत होते.